चांद्रविजयाची पन्नाशी: २० की २१?

प्रेषक: सचिव
सोमवार, १ जुलै २०१९, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी,

माणूस चंद्रावर उतरला त्याला यंदा ५० वर्षं होतायत. आपल्या कॅनबेरा मराठी मंडळातर्फे शनिवार, २० जुलैला संध्याकाळी ५ ते ९ छोटा कार्यक्रम ठरवलाय. हॉल नेहमीचाच. लहान मुलांची वेशभूषा स्पर्धा (विषय अर्थातच अवकाश, गेल्या वर्षीचे तीन शिवाजी आणि पाच झाशीच्या राण्या यंदा चालणार नाहीत), थोडी छायाचित्रं, मग पावभाजी आणि गुलाबजाम. कोण कोण येणार ते १० तारखेपर्यंत कळवा. सगळ्या लिस्टला उत्तर न पाठवता फक्त मला कळवलंत तर उपकार होतील.

*

प्रेषक: गंगालिनकर
सोमवार, १ जुलै, रात्री १०:०५

सगळ्या लिस्टला पाठवतोय, कारण मुद्दा सगळ्यांचा आहे. तारीख चुकली आहे.

२० जुलै ही ह्यूस्टनची, म्हणजे अमेरिकेतल्या नासाच्या नियंत्रण कक्षाची तारीख. अपोलो-११ चं यान उतरलं तेव्हा तिथे दुपारचे ३:१७ वाजले होते, पण इथे कॅनबेरात २१ जुलै, सोमवार, सकाळचे ६:१७. आर्मस्ट्राँगने पाय ठेवला तो इथल्या दुपारी १२:५६ ला. भारतात सकाळचे ८:२६, तारीख २१च. म्हणजे आपण जिथे राहतो तिथे २१ आणि आपण जिथून आलो तिथेही २१. मग २० कोणासाठी? रविवारी ठेवा.

*

प्रेषक: माई
मंगळवार, २ जुलै, सकाळी ७:१५

अहो सचिव, २० तारखेला संकष्टी आहे! निम्म्या बायका उपाशी आणि तुम्ही पावभाजी मांडणार? चंद्रोदय आठच्या सुमारास. चंद्राचा कार्यक्रम आणि चंद्र बघितल्याशिवाय जेवायचं नाही, हे तसं बरं जुळतंय म्हणा. पण मग साबुदाणा खिचडी लागेल, आणि साठ माणसांची खिचडी करायला मी एकटी पडणार नाही. गेल्या महाशिवरात्रीला काय झालं ते सगळ्यांना ठाऊक आहे.

*

प्रेषक: अप्पा, वोडन
बुधवार, ३ जुलै, सकाळी ११:२०

शिवजयंती तारखेने की तिथीने हा वाद महाराष्ट्रात सोडून इथे आलो, तर तो विमानात बसून मागोमाग आला म्हणायचा.

वाद घालायचाच तर नीट घालू. १९६९ सालच्या त्या दिवशी आषाढ शुद्ध षष्ठी-सप्तमी होती, अर्ध्याला थोडा कमी असा चंद्र. वारी पंढरपूरच्या वाटेवर होती. मी तेव्हा अकरा वर्षांचा, गिरगावात. मुंबईत टीव्ही आला तो २ ऑक्टोबर १९७२ ला, त्यामुळे चंद्रावरचं पहिलं पाऊल आम्ही कानांनी पाहिलं. शेजारच्या बिऱ्हाडातला रेडिओ, त्यात खरखर जास्त आणि बातमी कमी, आणि जिन्यापर्यंत माणसं. शाळेला उशीर झाला तरी कोणी ओरडलं नाही. आजी म्हणाली, ही माणसं चंद्रावर जाऊन परत येतील, आपली दिंडी अजून वाखरीला पोचायची आहे. तिचा हिशेब बरोबर निघाला: २४ जुलैला ते प्रशांत महासागरात उतरले, एकादशीच्या तोंडावर.

पुढे १९६९ च्याच ऑक्टोबरात ते तिघे अंतराळवीर जगाच्या दौऱ्यावर असताना मुंबईला आले. वडिलांनी मला खांद्यावर घेतलं होतं. मला दिसली ती डोकीच डोकी. पण 'मी त्यांना पाहिलं' असं मी वर्गात सांगितलं आणि पन्नास वर्षं सांगत आलोय. आज पहिल्यांदा कबूल करतो.

तिथीने करायचं तर यंदाची सप्तमी येत्या सोमवार-मंगळवारी आहे. कामाचे दिवस. तेव्हा माझं मत राखून ठेवतो.

*

प्रेषक: टगरनाँगकर
बुधवार, ३ जुलै, रात्री ८:५०

स्पष्ट बोलतो, राग मानू नका. हा अमेरिकेचा सोहळा. मराठी मंडळाने त्यावर हॉलचं भाडं का खर्चावं? १५ तारखेला चांद्रयान-२ उडतंय. आपलं. त्याचा कार्यक्रम करा, मी वर्गणी जास्त देतो. टिळक पुण्यतिथीला बारा माणसं येतात आणि इथे आर्मस्ट्राँगला गुलाबजाम.

*

प्रेषक: वेस्टन क्रीककर
गुरुवार, ४ जुलै, रात्री ११:३०

मी लिस्टवर फारसं लिहीत नाही. पण 'अमेरिकेचा सोहळा' वाचून राहवलं नाही. जगाने ते पाऊल ज्या केंद्रातून पाहिलं ते टगरनाँगकरांच्या घरापासून मंडळाच्या हॉलइतकंही लांब नसेल.

थारवा गाव ओलांडा, नास रोडने पुढे जा. एक फाटा लागतो, नाव अपोलो रोड. वर चढत गेलात की नामाजी राष्ट्रीय उद्यानात हनीसकल क्रीक. आज तिथे तंबू ठोकायची जागा आहे, कांगारू आहेत आणि काँक्रीटचे चौथरे आहेत. १९६७ ते १९८१ तिथे नासाचं केंद्र होतं, संदेश झेलणारी २६ मीटरची तबकडी (अँटेना) होती, आणि ते चालवणारी बहुतेक माणसं ऑस्ट्रेलियन होती. केंद्राचे संचालक टॉम रीड.

सगळ्यांना न्यू साउथ वेल्समधल्या पार्क्सची मोठी, ६४ मीटरची तबकडी माहीत असते. तिच्यावर सिनेमाही निघाला. पण पहिलं पाऊल पार्क्सने दाखवलं नाही. गंमत अशी की मूळ वेळापत्रकात उतरल्यावर अंतराळवीरांनी आधी विश्रांती घ्यायची होती. तोवर चंद्र पार्क्सवर छान वर आला असता. पण चंद्रावर पोचून झोप कोणाला लागते? त्यांनी आधीच बाहेर पडायची परवानगी मागितली. तेव्हा इथे चंद्र नुकता क्षितिजावर येत होता. पार्क्सची तबकडी क्षितिजापासून ३० अंशांच्या खाली झुकत नाही, हनीसकलची मात्र पार क्षितिजापर्यंत वाकायची. कॅलिफोर्नियातल्या गोल्डस्टोन केंद्राचं चित्र काळंपांढरं भडक येत होतं. ह्यूस्टनने ऐन वेळी इथलं चित्र घेतलं, आणि शिडीवरून उतरणारा तो पाय जगभर गेला तो या डोंगरातून. चित्राच्या यंत्रापाशी एड फॉन रेनूआर्ड नावाचा तंत्रज्ञ बसला होता. आठ-नऊ मिनिटांनी पार्क्सचं चित्र सुरू झालं आणि उरलेले दोन-अडीच तास ते चाललं. तिकडे वाऱ्याचे झोत ताशी ११० किलोमीटरचे होते, पार्क्सवाल्यांचीही कमाल आहे, ते नाकारत नाही.

पण बघा, पार्क्सला २० आणि २१ ला मोठी जत्रा आहे, केंद्र लोकांना खुलं. टांकसाळीने घुमटासारखं फुगीर पाच डॉलरचं नाणं काढलंय. आणि हनीसकलला जाऊन आलेला माणूस आपल्या लिस्टवर किती सापडेल? पिकतं तिथे विकत नाही, दुसरं काय.

ती तबकडीही आहे बरं का. १९८१ मध्ये उचलून टिडबिनबिलाच्या अवकाश-संपर्क केंद्रात नेली, २००९ पर्यंत कामाला होती, आता तिथेच निवृत्त उभी आहे. त्याच टिडबिनबिलाने २०१४ मध्ये मंगळयान कक्षेत शिरताना त्याचे संदेश टिपले. मग अमेरिकेचं काय, भारताचं काय, आपल्या गावचं काय, हे वेगळं कसं काढायचं ते टगरनाँगकरांनी सांगावं.

माझी सूचना: हॉल रद्द करा. रविवारी २१ ला सगळे वर जाऊ. दुपारी १२:५६ ला त्या चौथऱ्यावर उभं राहायचं. भाषण नाही.

*

प्रेषक: टगरनाँगकर
शुक्रवार, ५ जुलै, सकाळी ६:४५

अपोलो रोड मी रोज पाटीवर वाचतो. मला वाटायचं कुठल्या तरी ग्रीक देवाच्या नावाने असेल. येतो. पण चांद्रयानाचं माझं म्हणणं कायम.

*

प्रेषक: सचिव
रविवार, ७ जुलै, रात्री ९:००

ठरलं. हॉल रद्द, थोडं डिपॉझिट बुडालं, खजिनदारांनी दीर्घ श्वास घेतला. रविवार, २१ जुलै, सकाळी १०:३० ला थारव्याच्या पुलापाशी जमायचं. वर थंडी बोचरी असते, लोकरीचं काय असेल ते घाला. पाणी घरून. वेशभूषा स्पर्धा होणार, पण स्वेटरच्या वरून. जेवण: तिखटमिठाच्या पुऱ्या, बटाट्याची भाजी, माईंचे बेसनलाडू. संकष्टी शनिवारीच सुटलेली असेल.

*

प्रेषक: टगरनाँगकर
सोमवार, १५ जुलै, सकाळी ६:५५

पहाटेपासून फोन हातात धरून बसलोय. उड्डाणाला ५६ मिनिटं असताना थांबवलं. तांत्रिक अडचण. पुढची तारीख नंतर कळवणार.

*

प्रेषक: माई
सोमवार, १५ जुलै, सकाळी ७:१०

थांबवलं ते बरं केलं. कुकरचं वॉशर नीट बसलं नसेल तर आपणही गॅस बंद करतोच ना.

*

प्रेषक: पूर्वाश्रमीचे बेलकॉननकर
बुधवार, १७ जुलै, सकाळी ८:३०

मंडळ सोडलं, लिस्ट सोडली नाही. मी आता अलाबामात, हंट्सव्हिलला. अपोलोला चंद्राकडे नेणारं सॅटर्न-५ रॉकेट जिथे घडलं ते गाव. काल इथे सकाळी ८:३२ ला, म्हणजे पन्नास वर्षांपूर्वी अपोलो-११ उडालं त्याच मिनिटाला, ४९०० हून जास्त खेळण्यातली रॉकेटं एकदम उडवली. गिनेसचा विक्रम. दिवाळीच्या लवंगी माळेचा हजारपट सुर्रर्र आवाज, आणि धूर आमच्याच अंगावर. माझ्या मुलीचं रॉकेट त्यात कुठलं हे ती छातीठोकपणे सांगते.

इथली म्हातारी माणसं सांगतात की इंजिनांची चाचणी असली की गावातल्या काचा थरथरायच्या. यान परतलं त्या दिवशी त्या रॉकेटचा कर्ता व्हॉन ब्राउन याला इथल्या कोर्टाच्या चौकात लोकांनी खांद्यावर घेऊन मिरवलं होतं. म्हणजे विसर्जन मिरवणुकीची कल्पना इथेही आहे. फक्त गुलाल नाही. वॉशिंग्टनच्या स्मारकस्तंभावर रात्री पूर्ण उंचीच्या सॅटर्नचं चित्र प्रकाशाने उमटवतायत, तेही टीव्हीवर पाहिलं. सुंदर दिसतं. पण अप्पांच्या जिन्यातला रेडिओ वाचताना मला जास्त काहीतरी झालं.

*

प्रेषक: गंगालिनकर
रविवार, २१ जुलै, रात्री ८:१५

वृत्तांत लिहायचं काम माझ्यावर आलं, कारण तारखेचा वाद मी काढला.

चौदा गाड्या, त्रेपन्न माणसं. आणखीही बरीच मंडळी आली होती, बहुतेक पांढऱ्या केसांची. चौथऱ्यांपाशी माहितीचे फलक आहेत. मुलांनी ते सोडून कांगारूंच्या लेंड्या मोजल्या. वेशभूषेत सात अंतराळवीर, एक चंद्र (पिवळी उशी), आणि नियम धाब्यावर बसवून एक झाशीची राणी. पाठीवर बाळाऐवजी ऑक्सिजनची टाकी बांधली होती म्हणून परीक्षकांनी चालवून घेतलं.

तिथल्या एक आजी माईंच्या शेजारी येऊन बसल्या. १९६९ ला त्या शाळेत होत्या. बाईंनी सगळ्या वर्गाला एका टीव्हीसमोर जमिनीवर बसवलं होतं. काय दिसतंय ते कळत नव्हतं म्हणाल्या, राखाडी डाग राखाडी डागावर हलत होता, आणि बाई रडत होत्या. माईंनी त्यांना लाडू दिला. त्यांनी दुसरा मागून घेतला.

१२:५५ ला सगळे चौथऱ्यावर चढले. वेस्टन क्रीककरांनी घड्याळ धरलं. १२:५६. कोणी बोललं नाही. मग आमच्या पाच वर्षांच्या चिरंजीवांनी विचारलं, "बाबा, चंद्र कुठाय?"

सगळ्यांनी वर पाहिलं. स्वच्छ निळं आकाश, चंद्राचा पत्ता नाही. कालच संकष्टी झालेली. तो रात्री उगवून सकाळीच मावळला होता.

*

प्रेषक: अप्पा, वोडन
रविवार, २१ जुलै, रात्री १०:४०

राखून ठेवलेलं मत आता देतो.

शुद्ध सप्तमीचा चंद्र दुपारच्या सुमारास उगवतो. १९६९ ला त्या वेळी तो समोरच्या पूर्वेच्या डोंगरावरून नुकता वर येत होता आणि तबकडी त्याच्याकडे वाकून बघत होती. आज वद्य चतुर्थी, म्हणून तो पायाखाली पलीकडे. तारीख माणसाची, तिथी चंद्राची. ज्याचा सोहळा त्याला हजर ठेवायचं असेल तर तिथीने करावा लागेल.

पुढच्या वर्षीची आषाढ शुद्ध सप्तमी मी पंचांगात पाहून ठेवली. २७ जून, शनिवार. हॉल लागणार नाही.

*

प्रेषक: टगरनाँगकर
सोमवार, २२ जुलै, संध्याकाळी ७:३५

उडालं! आपल्या ७:१३ ला. घरात मी एकटाच ओरडलो, बायकोला वाटलं पाल पडली.

उतरणार ७ सप्टेंबरला, भारतातल्या मध्यरात्रीनंतर, म्हणजे इथे शनिवारी पहाटे. माझ्याकडे मोठा टीव्ही आहे. चहा माझा. पोहे कोणीतरी आणा.

*

प्रेषक: माई
सोमवार, २२ जुलै, रात्री ८:०५

गणपती २ तारखेला बसतात. म्हणजे ते उतरेल तेव्हा बाप्पा घरीच. चतुर्थीला तेवढं चंद्राकडे बघू नका, पुढे चालतं. पोहे मी आणते. खिचडी नाही.