विषय: पान १४, मोनोवाय : १ की २? (छपाई उद्या)

अंजू (स्मरणिका), १४ सप्टेंबर २०२१
मंडळी, पान १४ अडलंय. तात्यांच्या लेखात मोनोवायची (नेब्रास्का राज्यातलं ते एकटीचं गाव) लोकसंख्या १ आहे, २०२० च्या सेन्ससच्या (जनगणनेच्या) नव्या तक्त्यात २. छापखान्याला उद्या सकाळी फाइल हवी. कुठला आकडा ठेवू? मागच्या शुद्धिपत्रानंतर मी स्वतःहून हात लावणार नाही.

तात्या
१. एल्सी आयलरबाईंनीच पत्रकारांना सांगितलंय, गावात राहण्याजोगं घर एकच आणि ते त्यांचं. २००० साली नवराबायको मिळून २ होते. रुडी २००४ साली गेले, २०१० ला १. त्यांची पाचेक हजार पुस्तकं बाईंनी वाचनालय करून जपली. मेयर, क्लार्क, खजिनदार त्याच. स्वतःच्या खानावळीचा दारूचा परवानासुद्धा त्याच मंजूर करतात. दुसरा माणूस आणू कुठून?

विनू
तात्या, ती चूक नाही, मुद्दाम केलेलं आहे. या सेन्ससपासून गावपातळीच्या आकड्यांत थोडी सरमिसळ करतात, म्हणजे कुणा एकाची माहिती ओळखू येत नाही. राज्याचा एकूण आकडा मात्र खरा : नेब्रास्का १९,६१,५०४. एकटीचं गाव असलं की 'गावाचं सरासरी वय' म्हणजे तिचं वय आणि 'सरासरी उत्पन्न' म्हणजे तिची कमाई. २ छापा, तळटीप द्या.

तात्या
खोटा आकडा वर आणि खरा तळाला? त्यांचं वय, धंदा, सगळं पेपरात आलंय. दडवायला उरलं काय?

माई
तात्या, आपण होऊन सांगणं वेगळं, सरकारने सांगणं वेगळं. १९९० साली भावोजी सहा महिने आमच्याकडे होते. त्यांचं नाव लिहावं की नाही, म्हणून ह्यांनी सेन्ससचा फॉर्म आठवडाभर फ्रिजवर ठेवला. नावं ७२ वर्षं बाहेर पडत नाहीत हे कळलं, तेव्हा कुठे भरला.

शशी (लिंकन)
आकड्यापेक्षा गाव आटलं कसं ते लिहा ना, लेखात एका ओळीत उरकलंय. १९३०च्या दशकात तिथे दीडशेच्या आसपास माणसं होती. शेतीला माणसं कमी लागायला लागली, पोरं शहरात गेली. पोस्ट आणि किराणा दुकानं १९७० पर्यंत बंद, शाळा १९७४ ला. राजापूरकडच्या आमच्या वाडीत आज आठ उंबरे, सहांना कुलूप. वस्ती पूर्ण उठली की आपल्याकडे महसुली दप्तरात गाव 'बेचिराग' लागतं. मोनोवायच्या बाई रस्त्यावरचे दिवे चालू राहावेत म्हणून स्वतःवरच कर बसवतात आणि भरतात. ते वाचलं तेव्हापासून हा शब्द डोक्यातून जात नाही.

विनू
बेचिराख ना?

शशी
नाही, बेचिराग. जिथे दिवा लागत नाही ते. बेचिराख म्हणजे जाळपोळीत उद्ध्वस्त झालेलं.

अंजू
शब्दाचं नंतर बघू. दोन ओळींची जागा आहे, असं टाकते : 'सेन्सस २०१० : १. सेन्सस २०२० : २ (गोपनीयतेसाठी आकड्यात फेरफार, प्रत्यक्षात १).' तात्या, चालेल?

तात्या
'प्रत्यक्षात १' आधी घे. आणि शशीची दिव्यांची ओळ त्याच्या नावाने घाल. जागेसाठी माझा शेवटचा परिच्छेद काप.