ड्रायसूटमध्ये शिसं किती घ्यायचं आणि कुठं बांधायचं?

उद्यमबागकर
नमस्कार मंडळी. मी बेळगावचा, उद्यमबागेत छोटी फौंड्री आहे. डायव्हिंग नेत्राणी बेटावर शिकलो, मालवणलाही जाणं-येणं असतं. तिथं काय, पाणी कोमट, अंगात ३ मिलिमीटरचा सूट, खाली जायला कमरेला ४ किलो शिसं, की मारली उडी. आता मे महिन्यात धाकट्या भावाकडं स्कॉटलंडला जायचंय. तिथं लॉख फाइनमध्ये (समुद्राची खाडी आहे ती) ड्रायसूटचा, म्हणजे आत पाणी न शिरणाऱ्या, हवा कोंडून धरणाऱ्या सूटचा कोर्स करायचा ठरवलाय. पाणी ८-९ डिग्री असतं म्हणे.

भाऊ फोनवर सांगतो, "दादा, बारा-चौदा किलो लागतील तुला." माझं वजन ७८. कंबर मोल्डिंग बॉक्स उचलून आधीच गेलेली, तिच्यावर १४ किलोचा पट्टा म्हणजे डॉक्टरच्या दारात नेऊन बसवल्यासारखं. एवढं खरंच लागतं काय? आणि लागत असेल तर सगळं कमरेलाच का? दुसरं म्हणजे, वजनं इथंच ओतून नेली तर? शिसं नको असेल तर बीड (ओतीव लोखंड) आहेच की घरचं.

निपाणीचा पाणकोंबडा
ड्रायसूटमध्ये हवा पायात शिरते आणि माणूस उलटा होतो, एवढं लक्षात ठेवा. दोन्ही घोट्यांना एकेक किलो बांधा, बाकीचं कमरेला. विषय संपला.

खानापूरची, मुक्काम बर्गन
विषय संपला नाही ओ, आत्ता कुठं सुरू झालाय.

दादा, तुमच्या ७८ किलोवरून आकडा काढत बसू नका. शिसं लागतं ते सूटच्या आत कोंडलेल्या हवेसाठी, आणि ती हवा किती हे ठरवतो आत घातलेला अंडरसूट. पातळ फ्लीस आणि जाड थिन्सुलेट (उबदार भरावाचं कापड) यांत तीन-चार किलोंचा फरक सहज पडतो. म्हणून भावाला पहिला प्रश्न हा विचारा की अंडरसूट कुठला मिळणार. दुसरा, सूट मेंब्रेनचा (पातळ पाणबंद कापडाचा) की निओप्रीनचा (बुडबुडे असलेल्या फेसाळ रबराचा). साधं निओप्रीन खोल गेल्यावर दबतं आणि त्याची तरंगण्याची ताकद कमी होते. मेंब्रेनचं कापड तसं दबत नाही, आतली हवा तेवढी दबते आणि ती तुम्ही व्हॉल्व्हनं भरून काढता. तिसरा, सिलिंडर. नेत्राणीला तुम्ही ॲल्युमिनियमचा ११ लिटरवाला वापरला असणार. तो रिकामा होत आला की वर ओढायला लागतो, जवळजवळ दोन किलोनं. तिकडं बहुतेक १२ लिटरचा स्टीलचा देतील, तो रिकामा झाला तरी सहसा खालीच राहतो. इथंच तुमचं दोन-तीन किलो शिसं वाचलं.

आता मोजायचं कसं. बुडी संपताना, सिलिंडरमध्ये ५० बार (हवेच्या दाबाचं माप) उरलेले असताना, ३ ते ५ मीटरवर थांबून बघायचं. विंग (पाठीवरची हवेची पिशवी) पूर्ण रिकामी, सूटमध्ये अंगाला चिमटे बसणार नाहीत इतपतच हवा, दंडावरचा हवा सोडायचा डंप व्हॉल्व्ह उघडा. अशा वेळी न धडपडता स्थिर राहता आलं की तेच तुमचं वजन. सुरुवातीलाच भरलेल्या सिलिंडरवर तपासलंत तर फसाल. १२ लिटर गुणिले २३२ बार म्हणजे पावणेतीन हजार लिटरच्या वर हवा, तिचंच वजन सव्वातीन किलोच्या पुढं. त्यातली अडीच-पावणेतीन किलो तुम्ही पिऊन टाकता, आणि शेवटी तेवढेच हलके होता.

"दोन किलो जास्त असलं तर काय बिघडतं" हे बोटीवर फार ऐकू येतं आणि दर वेळी माझं डोकं फिरतं. ४ किलो जादा बांधलं की ते तोलायला ४ लिटर जादा हवा आत घ्यावी लागते. १० मीटरवरून वर येताना त्या चाराचे आठ होतात, आणि वेळेत सोडली नाही तर तीच तुम्हाला वर फेकते. शिवाय ती हवा सूटमध्ये हिंडते. आपल्याकडं विहिरीत पोरांच्या पाठीला डबा बांधतात ना, तोच डबा पायाला बांधल्यावर पोराचं काय होईल ते बघा. निपाणीकर सांगतात तो उलटेपणा बहुतेक वेळा असा जादा शिशातूनच येतो. त्याच्यावर पुन्हा दोन किलो घोट्याला बांधणं म्हणजे कमालच.

घोट्याची वजनं अगदी वाईट असं नाही, पण प्रत्येक लाथेला ती उचलायची असतात आणि दम लवकर लागतो. आधी बूट पायाला नीट बसणारे घ्या, नडगीला गेटर (हवा शिरू न देणारी घट्ट पट्टी) गुंडाळा, जड रबरी फिन (पायातले पंखे) वापरून बघा. तरीही पाय वर जात असतील तर सिलिंडर पट्ट्यात दोन-तीन इंच खाली सरकवा. उलट पाय खाली लोंबत असतील तर कमरेचं किलो-दोन किलो काढून सिलिंडरच्या वरच्या पट्ट्याला लावा.

उद्यमबागकर
ताई, हे डोक्यात बसलं. रिकाम्या बेडवर बसून हिशेबही केला. समुद्राच्या पाण्यात १ किलो शिसं ९१० ग्रॅमच भरतं, आणि १ किलो बीड साधारण ८६०. म्हणजे १० किलो शिशाचं काम करायला १०.६ किलो बीड लागेल. वजनात फार फरक नाही, पण आकार दीडपटीच्या वर जातो. आणि खाऱ्या पाण्यात गंज आलाच. बीड रद्द.

कंबरेचं मात्र सांगा.

खानापूरची, मुक्काम बर्गन
शिसंही ओतू नका दादा. त्याचा धूर वाईट, आणि विमानात शिसं भरून न्यायचं कशाला? तिथं वजनं सेंटरवरच मिळतात.

कमरेसाठी, स्टीलची बॅकप्लेट (सिलिंडर बसवायची पाठीवरची पाटी) मिळाली तर बघा. तिचेच अडीच-तीन किलो होतात आणि तो भार पाठीवर सपाट बसतो. किलोभर सिलिंडरच्या पट्ट्याला. उरलेल्यातलं अर्धं दोन्ही बाजूंच्या खिशांत, अर्धं पट्ट्यात. पट्टा खांद्यावरून घ्यायचा हार्नेसवाला असला तर उत्तम, कारण ड्रायसूट गुळगुळीत असतो आणि साधा पट्टा नितंबांवरून घसरतो. सगळं एकाच पट्ट्यात ठेवायचं नाही याचं खरं कारण तुमची कंबरही नाही: २० मीटरवर बकल सुटून १२ किलो एकदम गेले तर तुम्हाला थांबवणारं काही उरत नाही. टाकता येणारं वजन इतपत असावं की अडचणीत पृष्ठभागावर टाकलं तर तरंगता येईल.

चढता-उतरताना खिशातली वजनं शेवटी, पाण्यात उतरल्यावर हातात द्यायला सांगा. परत येताना आधी तीच वर द्या. यात लाज कसली?

निपाणीचा पाणकोंबडा
बरं बाई, घोट्याचं मागं घेतो. पण गोवावेसच्या पोहण्याच्या तलावात आधी तपासून गेले तर चालेल की नाही?

खानापूरची, मुक्काम बर्गन
सूट असला तर चालेल! पण गोड्या पाण्यातला आकडा खाऱ्याला जसाच्या तसा लागू होत नाही. माणूस आणि सगळं सामान मिळून १२० किलो धरलं तर समुद्रात ३ किलो जास्त लागतात. कोर्सचा पहिला धडा तिकडंही बहुधा तलावातच होईल, तेव्हा हे ध्यानात असू द्या.

उद्यमबागकर
भावाला विचारलं. सूट मेंब्रेनचा, अंडरसूट जाड, सिलिंडर १२ लिटर स्टील, बॅकप्लेटही स्टीलची. मग सुरुवात कितीनं?

खानापूरची, मुक्काम बर्गन
प्लेट धरून १२, आणि इन्स्ट्रक्टरसमोर. पाण्यात उतरायच्या आधी उकिडवं बसून गळ्याच्या सीलमध्ये बोट घाला आणि आतली हवा काढून टाका, नाहीतर त्या हवेमुळं वजन कमी पडतंय असं समजून शिसं वाढवत बसाल. शेवटी ५० बारला थांबून एकेक किलो सोबत्याच्या हातात द्या. वर ओढ लागली की शेवटचा किलो परत घ्या. निघालेला आकडा वहीत लिहा, शेजारी अंडरसूट आणि सिलिंडर कोणता होता तेही लिहा.