कागदी कताना म्यानात घट्ट कशी बसवावी?

मदत हवी आहे. कार्डशीटची कताना, म्हणजे जपानी तलवार, करतोय. 70 सेंमीचं पातं थर चिकटवून, वजनाखाली वाळवून झालंय. बाकही छान टिकलाय. अडलंय ते म्यानापाशी. खऱ्या कतानात पात्याच्या मुळाशी हाबाकी नावाचं तांब्या-पितळेचं कडं असतं. तेवढंच म्यानाच्या तोंडात रुतून बसतं, बाकी पातं आत जवळजवळ अधांतरी! मी कागदी पट्टीचे वेढे दिले, मेण चोळलं. पण काढघाल केली की कडा पिंजतात आणि म्यान उलटं धरताच तलवार निसटते. धातू, लाकूड, प्लास्टिक चालणार नाही, पूर्ण कागदीच हवी. हाबाकी मुठीकडे किंचित जाड होत जाते. कागदात हा उतार किती ठेवावा? आणि पकड सपाट बाजूंवर घ्यावी की धारेच्या-पाठीच्या?