अनुभव धागा : जुन्या मोटारी सांभाळताना

साधारण १९६० पर्यंतच्या मोटारी सांभाळणाऱ्यांसाठी हा धागा. गाडी देखणी दिसते हे सगळ्यांना ठाऊक आहे. इथे मापं, कारणं आणि नेमकं चुकतं कुठे ते लिहा. सुरुवात मी करतो.

वर्षानुवर्षं उभ्या गाडीला सेल्फ मारू नका. पिस्टनच्या रिंगा सिलिंडरला चिकटलेल्या असतात. जोर लावला की रिंग तुटते आणि भिंतीवर चरे पडतात. सगळे स्पार्क प्लग काढा. ऑटोमॅटिक गिअरचं तेल आणि अ‍ॅसिटोन निम्मं-निम्मं मिसळून प्रत्येक सिलिंडरमध्ये ३०-४० मिली सोडा आणि आठवडाभर मुरू द्या. (अ‍ॅसिटोन चटकन पेटतं, रंगही उडवतं.) मग क्रँकच्या (इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याच्या) नटला पान्हा लावून हाताने थोडं पुढे, थोडं मागे. इंजिन मोकळं झालं तरी लगेच प्लग लावू नका. आधी फिरवून साचलेलं तेल बाहेर पडू द्या. द्रव दाबला जात नाही, कनेक्टिंग रॉड (पिस्टनचा दांडा) वाकतो. मिश्रण खाली संपमध्येही (इंजिनाखालच्या तेलाच्या भांड्यात) उतरलेलं असतं, म्हणून इंजिन चालू करण्याआधी ऑइल बदला.

इथेनॉल
आजच्या पेट्रोलबद्दल. त्यात इथेनॉल असेल तर ते जुना रबरी पाइप आतून मऊ करतं आणि त्याचे कण कार्बोरेटरच्या जेटमध्ये (बारीक छिद्रात) अडकतात. कार्बोरेटरमधला फ्लोट (पेट्रोलची पातळी राखणारा तरंगता भाग) बुचाचा असेल तर त्यावरचा लाखेचा थर विरघळतो, बूच पेट्रोल पितं, फ्लोट बुडतो आणि कार्बोरेटर वाहू लागतो. गरम इंजिनावर हे म्हणजे आगीला आमंत्रण. पितळी फ्लोट बसवा. पाइप एसएई जे३० आर९ (इंधनाच्या पाइपचं अमेरिकी मानक) दर्जाचा घ्या. शिवाय इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं. पाणी जास्त झालं की दोन्ही मिळून टाकीच्या तळाशी वेगळा थर धरतात आणि पेट्रोल ओढणारी नळी नेमकी तिथेच असते. गाडी काही महिने उभी राहणार असेल तर शक्यतो इथेनॉल नसलेलं पेट्रोल भरा, टाकी काठोकाठ.

शिशाविषयी, वरच्याला जोडून
पेट्रोलमध्ये शिसं विकत मिळू लागलं १९२३ मध्ये. त्याआधीची कमी कॉम्प्रेशनची इंजिनं त्याशिवायच चालत होती, त्यांची काळजी नको. नंतरच्या गाड्यांत शिसं व्हॉल्व्हच्या सीटचं (व्हॉल्व्ह टेकतो त्या कड्याचं) रक्षण करायचं; आजच्या बिनशिशाच्या पेट्रोलवर एक्झॉस्ट व्हॉल्व्हची सीट झिजून आत बसते. खूण सोपी : टॅपेटची (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या भागाची) फट पुन्हा पुन्हा कमी होते. तसं दिसलं की हेड उघडल्यावर कडक सीट बसवून घ्या.

६ व्होल्ट
तेवढ्याच कामाला ६ व्होल्टमध्ये करंट १२ व्होल्टच्या दुप्पट लागतो. लोक १२ व्होल्टच्या गाडीची पातळ केबल लावतात, सेल्फ जड फिरतो आणि दोष बॅटरीला देतात. जाड केबल घ्या, अर्थची जागा पत्रा चमकेपर्यंत घासा. बॅटरी जोडण्याआधी पॉझिटिव्ह अर्थ (बॅटरीचं धन टोक बॉडीला जोडलेलं) आहे का पाहा. अनेक ब्रिटिश गाड्यांत असतो.

डिस्ट्रिब्युटरमध्ये ठिणगीसाठी करंट तोडणारे संपर्क म्हणजे पॉइंट. त्यांची फट बहुतेक ब्रिटिश डिस्ट्रिब्युटरला ०.३५ ते ०.४० मिमी. कॅमचं टोक पॉइंटच्या टाचेवर (कॅमला टेकणाऱ्या भागावर) असताना मोजा. टाच झिजली की फट कमी होते आणि टायमिंग (ठिणगी पडण्याची वेळ) मागे पडतं, म्हणून आधी फट, मग टायमिंग. पॉइंट लवकर जळत असतील तर कंडेन्सर (पॉइंटवरची ठिणगी शोषणारा भाग) बदला.

पान्हे
जुन्या ब्रिटिश गाडीला व्हिटवर्थ (जुनं ब्रिटिश इंची माप) पान्ह्यांचा संच हवाच. त्यावरचा आकडा बोल्टच्या व्यासाचा असतो, डोक्याच्या रुंदीचा नाही. मेट्रिक पान्हा बसल्यासारखा वाटतो आणि कोपरे खाऊन टाकतो. आटेही ५५ अंशांचे, मेट्रिकचे ६० अंशांचे.

ओढ कशाची
हे लिहायलाच हवं. फोर्ड मॉडेल टी (१९०८ ते १९२७) घ्या. पेट्रोलचा पंपच नाही. सुरुवातीच्या गाड्यांत टाकी सीटखाली, पेट्रोल उताराने कार्बोरेटरकडे येतं. टाकीत पेट्रोल कमी असताना चढ लागला तर पुरवठा थांबतो. उपाय म्हणजे गाडी वळवून रिव्हर्समध्ये चढवणं. कारण आणि उपाय दोन्ही नुसत्या डोळ्यांना दिसतात. ही समज इतर कुठल्या यंत्राकडून इतक्या थेट मिळत नाही.

हँडल मारून इंजिन चालू करताना स्पार्क मागे घ्या (ठिणगी उशिरा पडेल असा), अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवा, आणि हँडल खालून वर ओढा. उलटा झटका बसला तर हात सुटायला हवा.

ब्रेक
डॉट ३ आणि ४ दर्जाची ब्रेक ऑइलं पाणी शोषतात, दर २ वर्षांनी बदला; उभ्या गाडीतही. डॉट ५ सिलिकॉनचं, त्यात मिसळू नका.

घेण्याआधी
पातळ कापडात गुंडाळलेलं लोहचुंबक पत्र्यावरून फिरवा. जिथे पकडत नाही तिथे लांबी (पुट्टी) भरलेली आहे किंवा मूळचाच अ‍ॅल्युमिनियम आहे. लाकडी सांगाड्याची बॉडी असेल तर दार अर्धं उघडून हलकेच वर उचला. बिजागरी घट्ट असूनही खांब हलला तर आतलं लाकूड कुजलंय. ते बदलायला पत्रा सोडवावा लागतो, म्हणून हे काम रंगाच्या आधी.