ठाण्याच्या किल्ल्यातली सुटका

कादंबरीत ओलिसाची सुटका बाहेरून झाली की शेवट गुळमुळीत वाटतो, असं काहींचं म्हणणं असतं, ते मला अर्धंच पटलं. बाहेरच्याने नुसतं दार फोडलं तर गुळमुळीतच. पण निरोप आत पोचवायचा कसा, यावर लेखकाने मेहनत घेतली असेल तर तीच पानं सगळ्यात रंगतात. पहारा, वेळा, कोण कुठे उभा असतो, हे सगळं त्यात येतं.

आमच्या ठाण्यातलंच घ्या. बडोद्याच्या गायकवाडांचे वकील गंगाधरशास्त्री पटवर्धन यांच्या खुनानंतर इंग्रजांनी पेशवा दुसऱ्या बाजीरावाकडून त्याचा कारभारी, खुनाचा आरोप असलेला त्र्यंबकजी डेंगळे याला ताब्यात घेतलं आणि ठाण्याच्या किल्ल्यात डांबलं. फितुरी नको म्हणून पहारा गोऱ्या शिपायांचा. आणि तिथेच घोळ झाला! सांगतात ते असं की एक मराठी मोतद्दार (घोड्यांची निगा राखणारा नोकर) खिडकीखालून घोडा फिरवत गाणी म्हणायचा, पळण्याचा बेत त्या गाण्यांत, आणि पहारेकऱ्यांना त्यातलं अक्षर कळत नव्हतं. सप्टेंबर १८१६ मध्ये त्र्यंबकजी निसटला. (पुढे १८१८ मध्ये पुन्हा सापडला आणि चुनारच्या किल्ल्यात गेला, तो भाग वेगळा.) ठाण्याच्या त्या किल्ल्यात आज मध्यवर्ती कारागृह आहे, त्यामुळे आत जाऊन बघायची सोय नाही.

त्र्यंबकजी काही सालस माणूस नव्हता, त्यामुळे वाचकाने कोणाच्या बाजूने उभं राहायचं हा पेच राहतोच. मला तर यावरची कादंबरी त्या मोतद्दाराच्या तोंडून वाचायला आवडेल.