मदत हवी आहे : मुलांची निवांत मे सुट्टी आणि आजीची दगदग

सर्वांना नमस्कार. आम्ही पुण्यात राहतो. राजापूर तालुक्यातील एका वाडीत माझ्या सासरचे घर आहे आणि तेथे सासूबाई व सासरे असे दोघेच असतात. माझी मुलगी दहा वर्षांची आणि मुलगा सहा वर्षांचा आहे. यंदा ७ मे ते २८ मे असे तीन आठवडे मुलांना गावी ठेवण्याचे ठरवले आहे. पहिले बारा दिवस मी सोबत असेन, नंतर मुले आजी-आजोबांजवळ राहतील. या सुट्टीत कोणतेही शिबिर, वर्ग किंवा सहल ठेवलेली नाही. मुलांना भरपूर रिकामा वेळ मिळावा एवढीच इच्छा आहे. परंतु तो वेळ सासूबाईंच्या कष्टांवर उभा राहू नये, यासाठी काय करावे हे मला आपणांकडून समजून घ्यायचे आहे.

२०२५ च्या सुट्टीत एप्रिल महिना पोहण्यात आणि एका शिबिरात गेला आणि मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात आम्ही जेमतेम आठ दिवसांसाठी अणुस्कुरा घाट उतरून गावी पोहोचलो. त्या आठ दिवसांचीही मी यादी केली होती : आडिवऱ्याची महाकाली, कशेळीचा कनकादित्य, विजयदुर्ग, पावस. दोन ठिकाणे पाहून झाली आणि पाऊस लागला तो थांबेचना. त्या वर्षी २५ मे रोजीच मोसमी पाऊस कोकणात दाखल झाला होता, हे आपणांपैकी बागायतदारांना चांगलेच आठवत असेल. गाडी खळ्यात उभी राहिली आणि आम्ही घरात बसलो.

सासूबाईंची कोकमे तेव्हा अर्धी वाळलेली होती. रातांबे, म्हणजे कोकमाची ताजी फळे, फोडून बिया आणि गर वेगळा काढायचा, मीठ घातलेल्या त्या रसात साली बुडवून उन्हात वाळवायच्या, पुन्हा बुडवायच्या, पुन्हा वाळवायच्या, असे पाच-सहा वेळा केल्यावर आमसुलाला त्याचा काळपट रंग येतो. पण ऊनच नाहीसे झाल्यामुळे सगळी सोले सुपांतून आत आली आणि चुलीच्या उबेला मांडली गेली. माझी मुलगी ती तासातासाने उलटत असे. तिला कोणी सांगितले नव्हते. पुण्यास परतेपर्यंत तिच्या नखांच्या कडा जांभळ्याच होत्या.

मुलाने मात्र पहिले तीन दिवस ‘आई, आता काय करू?’ असे विचारून मला भंडावून सोडले. चौथ्या दिवशी पाऊस थोडा उघडल्यावर तो आंब्याच्या कलमाखाली उकिडवा बसलेला दिसला. खालच्या फांदीवर तांबड्या मुंग्या एकमेकींना धरून साखळी करून दोन पाने जवळ ओढत होत्या आणि बाकीच्या मुंग्या तोंडात आपली पांढरी अळी धरून तिच्या धाग्याने त्या पानांच्या कडा शिवत होत्या. हे सर्व मला त्याने बोट दाखवून समजावले. त्याच आवारात मी बारा उन्हाळे काढले आहेत, पण ते पाहिले नव्हते. जेवायला हाक मारली तरी तो उठेना.

त्याच आठवड्यात मला आणखी एक गोष्ट दिसली आणि ती मनातून जात नाही. सासूबाई पहाटे पाचला उठत. न्याहारीला घावने, दुपारी पूर्ण स्वयंपाक, चार वाजता मुलांसाठी काही गोड, रात्री पुन्हा सर्व ताजे. शिवाय अढीतले, म्हणजे पेंढ्यात पिकत घातलेले, आंबे पाहणे, फणस फोडणे, गुरांचे पाणी हे चालूच. मी हात लावायला गेले की ‘चार दिवस आल्येस, बस जरा’ असे म्हणून त्या मला उठवत. निघण्याच्या आदल्या रात्री त्या ओटीवर पायांना तेल चोळत बसल्या होत्या आणि दोन्ही पावलांना सूज होती. त्यांचे वय ७१ आहे. आपण सगळे आजोळच्या सुट्टीच्या गोष्टी इतक्या प्रेमाने सांगतो, परंतु मी माझ्या स्वतःच्या आजीला आठवू लागले तेव्हा ती मला प्रत्येक आठवणीत उभीच दिसली, बसलेली एकदाही दिसली नाही.

म्हणून विचारते. स्वयंपाकाचा भार त्यांचे मन न दुखावता कसा कमी करावा? मदतीला बाई मिळणे मे महिन्यात शक्य असते का, आणि पैशांचे कसे करावे? मुलांवर कोणती खरी कामे सोपवता येतील? उगाच हाती दिलेली लुटुपुटूची कामे मुलांना लगेच ओळखू येतात, असा माझा अनुभव आहे. आंबा-फणसाचा चीक, विहीर आणि फुरसे हा विषारी साप या तीन गोष्टींची मला मनापासून भीती वाटते, तेव्हा त्याविषयीही कृपया सांगावे.

प्रतिसाद :

ताई, माझ्याकडे दर मे महिन्यात चार नातवंडे येतात, तेव्हा मी आपल्या सासूबाईंच्या बाजूने लिहिते. ‘स्वयंपाक कमी करा’ असे त्यांना सांगू नका, ते आम्हाला लागते. त्याऐवजी एक वेळ मागून घ्या. ‘रात्रीचे माझ्याकडे’ असे पहिल्याच दिवशी सांगा आणि मऊभात, मेतकूट, भाजलेला पापड, लोणचे यापलीकडे काहीही करू नका. तुम्ही चार पदार्थ केलेत तर त्या दुसऱ्या दिवशी पाच करतील. फणसाच्या आठळ्या उकडून ठेवल्या की चारचे खाणे झाले. बाईला आतापासून सांगून ठेवा, कारण कलमांची तोड चालू असेपर्यंत कोणी मोकळे नसते, आणि पैसे थेट तिच्याच हातात द्या, म्हणजे सासूबाईंना ‘नको’ म्हणायला जागा राहणार नाही.

मुलीला अढी द्या. तिच्याच ताब्यात द्या, कोणी मध्ये बोलायचे नाही. रोज सकाळी पेंढा बाजूला करून पिकलेला आंबा वेगळा काढायचा आणि डागी दिसला की लगेच उचलायचा, कारण एक नासका आंबा शेजारचे चार नासवतो. अढी आठ-दहा दिवसांची असते, तेव्हा वास घेऊन आंबा ओळखायला ती तेवढ्यात शिकेल. मुलाला पडीचे रायवळ वेचू द्या. वेचलेले आंबे पाण्यात टाकायचे आणि देठाकडचा चीक पिळून टाकल्याशिवाय तोंडाला लावायचे नाहीत, नाहीतर ओठांना फोड येतात. फणसाला हात लावण्यापूर्वी खोबरेल तेल चोळा. काजूच्या ओल्या बिया मात्र मुलांच्या हाती अजिबात देऊ नका, टरफलातील तेलाने कातडी भाजते.

फुरशाची भीती रास्त आहे. गडग्याच्या दगडांत, पाचोळ्यात, लाकडांच्या ढिगात हात घालायचा नाही. पेंढाही काठीने हलवूनच उचलायचा. पायात चप्पल आणि काळोख पडल्यावर हातात विजेरी हवीच. जवळच्या कोणत्या सरकारी रुग्णालयात सर्पदंशावरचे प्रतिविषाचे इंजेक्शन असते, हे पोहोचल्या दिवशीच विचारून तेथला फोन क्रमांक भिंतीवर लिहून ठेवा. विहिरीवर जाळी नसेल तर मुले येण्यापूर्वी बसवून घ्या. त्या खर्चाला मागेपुढे पाहू नका.

आणि दुपारी एक ते चार सर्वांनी आडवे व्हायचे, आजीसकट. मुलांना झोप येत नसेल तर त्यांनी ओटीवर पत्ते खेळावेत. हा नियम तुम्ही घालू नका, सासऱ्यांना घालू द्या.

धागाकर्तीचे उत्तर :

काकू, तुमचे लिहिणे मी दोनदा वाचले आणि काल रात्री सासऱ्यांशी फोनवर बोलले. ‘दुपारचे दार मी लावतो’ एवढेच ते म्हणाले, पण त्यांना ते मनापासून पटले असावे, कारण जाळीच्या मापासाठी ते आज सकाळीच विहिरीवर गेले होते. अढीचे मुलीला सांगितले आहे आणि पेंढा कोठून आणायचा हे ती आत्तापासून विचारते आहे.

आता एकच प्रश्न उरतो. मी १८ मे रोजी पहाटेच्या एस.टी.ने निघणार आहे आणि मुलगा आजवर माझ्याविना एकही रात्र राहिलेला नाही. त्याला आदल्या दिवशी नीट सांगून निघावे, की निघताना उठवून त्याचा निरोप घ्यावा? झोपेत सोडून जाणे मला योग्य वाटत नाही. ज्यांनी इतक्या लहान मुलांना आजीजवळ ठेवले आहे, त्यांनी पहिल्या रात्री काय झाले ते कृपया लिहावे.