निंजा ११००एसएक्स: पॉवर घटली, मग नवीन काय?

ओंकार, ए-५०३: कावासाकीच्या स्पोर्ट टूररबद्दल विचारायचं होतं. जुन्या १०००एसएक्सला १४२ पीएस (मेट्रिक अश्वशक्ती) होते, नव्या ११००एसएक्सला १३६. इंजिन मोठं केलं आणि ताकद कमी? शनिवारी टेस्ट राइड आहे. नेमकं काय तपासू?

देशमुख काका, बी-२०१: आधी आकडे नीट मांड. बोअर, म्हणजे सिलिंडरचा व्यास, तोच, ७७ मिमी. स्ट्रोक, म्हणजे पिस्टनचा वर-खाली प्रवास, ५६ चा ५९ झाला, म्हणून १०४३ सीसीचे १०९९. जुने १४२ पीएस १०,००० आरपीएमला (इंजिनचे मिनिटाला फेरे) मिळायचे, नवे १३६ पीएस ९,००० लाच मिळतात. टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, १११ वरून ११३ न्यूटन-मीटर, तोही ८,००० ऐवजी ७,६०० ला. इनटेक पोर्ट (हवा आत यायची वाट) अरुंद केलेत, कॅमची लिफ्ट (व्हॉल्व्ह किती उघडतो ते) कमी केलीय. अरुंद पोर्टमधून हवा कमी आरपीएमलाही वेगाने जाते आणि सिलिंडर नीट भरतो. १०,००० च्या आसपास मात्र तीच वाट अपुरी पडते. तुझे सहा पीएस तिथे गेले.

ओंकार: म्हणजे लांब स्ट्रोकमुळे टॉर्क वाढला, असंच ना?

देशमुख काका: तसं सगळेच म्हणतात, पण ते अर्धवट आहे. स्ट्रोकमुळे सीसी वाढले आणि सीसीमुळे टॉर्क. तेवढेच सीसी बोअर वाढवून आणले असते तरी टॉर्क साधारण तितकाच आला असता. लांब स्ट्रोकचा भार पडतो तो पिस्टनच्या वेगावर. सरासरी वेग काढायचा तर २ गुणिले स्ट्रोक गुणिले आरपीएम, भागिले ६०. जुनं इंजिन १०,००० ला सेकंदाला १८.७ मीटर, नवं ९,००० ला १७.७. नव्या स्ट्रोकवर १०,००० च ठेवले असते तर १९.७ झाले असते.

मृणाल, सी-१०२: काका, गिअरचं राहिलं. पाचवा आणि सहावा लांब केलाय, हायवेला आरपीएम खाली राहावा म्हणून. त्यामुळे ओंकार, सहाव्यात ३,००० वरून थ्रॉटल उघडून "ही तर जुनीसारखीच ओढते" असं म्हणू नकोस. वाढलेल्या टॉर्कचा काही भाग त्या लांब गिअरने खाल्लेला असतो. तीच चाचणी चौथ्यात कर, इंजिन तिथे खरं कळेल. मोकळा सरळ रस्ता, ३,००० ते ७,०००. मध्ये कुठे इंजिनची ओढ कमी पडते का, हँडलबारला आणि फूटपेगला बारीक थरथर कुठल्या आरपीएमला येते, ते बघ. तो आरपीएम नेमका तुझ्या नेहमीच्या वेगाला येत असेल तर लांबच्या प्रवासात हात बधिर होणार.

ओंकार: आणि क्विकशिफ्टर, क्लच न दाबता गिअर बदलायचा? आता १,५०० आरपीएमपासून चालतो म्हणतात.

मृणाल: हो, आधी २,५०० होतं. वरचा गिअर टाकताना थ्रॉटल उघडा हवा, खालचा टाकताना बंद. उलट केलं की अडखळतो आणि मग शिव्या क्विकशिफ्टरला. अजून एक, दुसऱ्या गिअरला हळू जाताना थ्रॉटल पूर्ण बंद करून अलगद उघड. झटका आला तर आधी चेन हाताने हलवून बघ. टेस्ट राइडच्या गाड्यांची चेन बऱ्याचदा ढिली असते आणि दोष मॅपिंगच्या (थ्रॉटलच्या इलेक्ट्रॉनिक सेटिंगच्या) माथी जातो.

सेक्रेटरी: हा ग्रुप पार्किंग आणि पाण्यासाठी आहे, याची नोंद घ्यावी.

देशमुख काका: गाडी पार्किंगमध्येच उभी राहणार आहे, साहेब.

ओंकार: काका, हँडलिंग सांगा. मागे बायको असेल, शिवाय दोन्ही पॅनिअर (बाजूच्या सामानाच्या पेट्या).

देशमुख काका: मग इंजिनपेक्षा हेच महत्त्वाचं. मागे वजन आलं की सस्पेन्शन बसतं आणि गाडीचं तोंड वर होतं. रेक (पुढच्या फोर्कचा तिरकेपणा) आणि ट्रेल (त्याच्या रेषेमागे टायर टेकतो ते अंतर) वाढतात, पुढच्या चाकावरचा भार घटतो. गाडी वळायला जड होते, वळणात बाहेर सरकते, रात्री हेडलाइट समोरच्याच्या डोळ्यांत जातो. लोक टायर बदलतात. खरं तर मागचा प्रीलोड, म्हणजे स्प्रिंगचा आधीचा दाब, वाढवायचा असतो. त्यासाठी बाजूला हाताने फिरवायचा नॉब आहे, पाना लागत नाही.

सॅग, म्हणजे वजनाने सस्पेन्शन किती बसतं ते, असा मोज. मागचं चाक हवेत उचलून एक्सलपासून वर सीटखालच्या एका खुणेपर्यंतचं अंतर घे. मग गाडी नुसती उभी धरून, आणि शेवटी तू हेल्मेट-जॅकेटसह बसून. पहिल्या आणि तिसऱ्या मापातला फरक म्हणजे रायडर सॅग. मागचा ट्रॅव्हल (चाकाची वर-खाली एकूण हालचाल) १४४ मिमी आहे, त्यामुळे ३५ ते ४० मिमी ठीक. नुसत्या गाडीचा, म्हणजे पहिल्या आणि दुसऱ्या मापातला फरक, ५ ते १५. प्रत्येक माप दोनदा घे: एकदा गाडी दाबून हळूच सोडून, एकदा उचलून हळूच सोडून, आणि सरासरी धर. नाहीतर सील-बुशचं घर्षण तुला फसवतं.

मृणाल: रायडर सॅग बरोबर पण नुसत्या गाडीचा शून्य येत असेल, तर स्प्रिंग वजनाला मऊ आहे. नॉब कितीही फिरवला तरी ते सुटत नाही.

ओंकार: दोघं बसल्यावर पुन्हा मोजायचं?

देशमुख काका: हो, सामानासकट. आकडा परत ३५-४० वर येईपर्यंत नॉब फिरव, किती क्लिक लागले ते लिहून ठेव. मग रिबाउंड (स्प्रिंग परत येताना लागणारा रोध) थोडा वाढव. जास्त दाबलेली स्प्रिंग जोरात परत येते. रिबाउंड तेवढाच ठेवला तर उंचवट्यानंतर मागचा भाग दोन-तीनदा डुलतो. एकटा निघालास की दोन्ही मूळ जागी आण.

ओंकार: याच गाडीची महागडी आवृत्ती, एसई, घ्यावी का मग? ओलिन्सचा मागचा शॉक आहे, ब्रेम्बोचे ब्रेक आहेत.

मृणाल: कायम दोघं आणि सामान असेल तर शॉकसाठी घे. ब्रेकसाठी नको, साध्या गाडीचे पुढचे ब्रेक पुरेसे आहेत. मागची डिस्कही २५० ची २६० मिमी झालीय, यू-टर्नला मागच्या ब्रेकवर गाडी सावरताना उपयोगी. फक्त साधी आणि एसई एकाच दिवशी, एकाच रस्त्यावर, सारख्या प्रेशरवर चालव. टायर थंड असताना पुढे ३६, मागे ४२ पीएसआय. मागे ३४ असेल तर ओलिन्सही तुला ढिम्म वाटेल.

ओंकार: गेज कोणाकडे आहे?

देशमुख काका: माझ्याकडे. शुक्रवारी रात्री घेऊन जा, सकाळी मी नसेन.